काचेसमोरची होडी

प्रिय इर्या,

माझं अक्षर बघून दचकली असशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. परवा चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तू सगळ्यांदेखत म्हणालीस म्हणे, "आमच्या ताईची चंगळ आहे. अख्खा उन्हाळा नवऱ्याबरोबर होडीतून हिंडतेय. म्हातारपणी हनिमून!" दोघीजणींनी मला वेगवेगळं येऊन हे सांगितलं, म्हणजे तू चांगलं मोठ्यानं म्हणाली असणार. तुझं काही चुकलं नाही. खरंच चंगळ झाली. इतकी मजा मला लग्नाच्या वर्षीसुद्धा आली नव्हती, आणि त्यातला निम्मा वाटा तुझा आहे.

ताउनोला तू ओळखतेस. सगळी नोकरी त्यानं रस्त्यावरच्या गाड्या पलीकडे नेणाऱ्या त्या पिवळ्या तरीवर काढली. या काठावरून त्या काठावर आणि परत, पोलादी दोरीला बांधलेला. निवृत्त झाला त्या संध्याकाळी म्हणाला, "हिल्का, आता मला दोर नसलेल्या पाण्यावर जायचंय." म्हणून ती जुनी लाकडी होडी घेतली. तिचं इंजिन असं, की ते चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही आणि बंद पडलं की नवऱ्याचा मूड जातो. साइमा सरोवराचा बर्फ वितळून पाणी मोकळं झालं की उत्तरेला जायचं, वाटेल तिथे नांगर टाकायचा, मासे तळायचे, झोपायचं, असा आमचा बेत होता. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, होडीत बसून राहायला डॉक्टरची ना नव्हती.

आणि मग मे महिन्यात मी कुबड्या टेकत आईच्या किनाऱ्यावर आले. धक्क्यावर साखळी लावलेली. मला वाटलं तुझ्या नवऱ्यानं, रीस्तोनं, चोरांसाठी लावली असेल. पुढे बघते तर सॉना, आपलं वाफेनं न्हायचं घर, नाही. बाबांनी लढाईवरून परत आल्यावर स्वतःच्या हातानं रचलेला, चिमणी नसलेला, आतून काळाभोर झालेला आपला धुराचा सॉना. ज्याच्या बाकावर आईनं मला जन्म दिला आणि मग तुला. ज्याच्या बाकावर आपण दोघींनी आईला शेवटचं न्हाऊ घातलं, आणि तू माझा ओला हात धरून म्हणालीस, "ताई, किनारा माझ्या नावावर असला तरी हे तुझं-माझं." मी त्या हातावर विश्वास ठेवला. मी दवाखान्यात पडले असताना तू ते पाडलंस, इर्या. एक फोन केला नाहीस. तिथे काचेची भिंत असलेला नवा सॉना उभा होता, आणि तू त्याच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "अगं, कुजलं होतं सगळं. आणि वास किती यायचा तो धुराचा! आता आत बसून अख्खं सरोवर दिसतं बघ." मी रडले. तू रीस्तोकडे बघून हसलीस, आणि आठवड्याभरात गावभर झालं की हिल्का जळाऊ लाकडासाठी रडली. ते हसू मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

उत्तरेचा बेत मीच रद्द केला. ताउनोला म्हटलं, "आपण कुठे जायचं नाही. इथेच फिरायचं." त्यानं एवढंच विचारलं, "किती जवळून?" यालाच मी नवरा म्हणते.

पुढचं तुला ठाऊकच आहे, निदान काचेच्या आतून दिसलं तेवढं. तुझ्या चिमणीतून धूर निघाला की आमचं इंजिन सुरू व्हायचं. कुणाच्या सॉनातून धूर निघत असला की आत माणसं उघडी असतात, म्हणून होडीवाला माणूस लांबून वळसा घालतो, हे आपल्याकडे पोरांनासुद्धा शिकवावं लागत नाही. आम्ही वळसा घातला नाही. तुझ्या काचेसमोर, वाइनो कोळ्याच्या खडकाळ बेटापाशी, नांगर टाकायचा, थर्मास उघडायचा आणि वेलदोड्याचे पाव खायचे. पण आम्ही सभ्य माणसं! एकदाही तुमच्याकडे पाहिलं नाही. दोघंही पाठ करून बसायचो. तू वाफेतून लाल होऊन बाहेर यायचीस, पाण्यात उडी मारायला दोन पावलं टाकायचीस, आणि आमच्या दोन पाठी बघून आत पळायचीस. दार आपटल्याचा आवाज पाण्यावरून किती स्वच्छ येतो म्हणून सांगू! ताउनो तेवढ्यात मला म्हणायचा, "आज लवकर गेली, पाव संपवू का?"

रीस्तो एकदा टॉवेल गुंडाळून धक्क्यावर आला होता. "काय तमाशा चाललाय इथे?" ताउनो मान न वळवता म्हणाला, "तमाशा नाही, कॉफी आहे. घेणार का साहेब?" मग तू मागून ओरडलीस, "भाऊजी, एवढं मोठं सरोवर आहे, तुम्हाला दुसरी जागा सापडत नाही?" त्यावर मी बोलले ते आठवतंय ना? "सापडते की गं, पण इथूनच अख्खं सरोवर दिसतं." पाणी कुणाच्या बापाचं नाही, हे रीस्तोलाही माहीत होतं. तो टॉवेल सावरत परत गेला. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

तुम्ही कधी सकाळी सॉना तापवलात, कधी भर दुपारी. धूर लपत नाही बाई. भर उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला तुमच्याकडे शहरातून पाहुणे आले होते, बायका पांढरे टॉवेल गुंडाळून काचेशी उभ्या, आणि समोर आम्ही दोघं, मच्छरांची जाळी डोक्यावर घेऊन. त्यातल्या एकीनं आम्हाला हात केला. आम्हीही पाठमोरे बसूनच हात केला. मला वाटतं त्याच रात्री तू हात टेकलेस, कारण पुढच्या आठवड्यात काचेला पडदे आले. जाड, राखाडी, वरपासून खालपर्यंत. एवढी महागाची काच, आणि तिच्यावर गोधडी. मी आणि ताउनो ते बघून इतके हसलो की थर्मास पाण्यात पडता पडता वाचला. पण खरं सांगते इर्या, आम्ही हसलो ते तू लपलीस म्हणून नाही. त्या पडद्यांचीच तर आम्ही वाट बघत होतो.

आता नीट वाच. मे महिन्यातच, तुझ्याकडून परतताना, ताउनोनं हमरस्त्यालगत लाकडांची रास पाहिली. तुझ्या सांगण्यावरून सॉना पाडणाऱ्या माणसानं आपल्या अंगणाबाहेर टाकली होती, वर पाटी, "जळाऊ, हवं त्यानं न्यावं." ताउनोनं गाडी थांबवली, कारण वरच्या लाकडावर त्याला दाराची चौकट दिसली, बाबांनी सुरीनं केलेल्या आपल्या उंचीच्या खुणांसकट. डाव्या बाजूला माझ्या, उजव्या बाजूला तुझ्या. कुजलेले होते ते तळातले दोनच ओंडके. बाकी सगळं हाडासारखं टणक. ती सगळी रास आम्ही घरी आणली. तू म्हणालीस सगळं कुजलं होतं. खोटं बोलतानासुद्धा तुला बाबांच्या हाताची लाज वाटली नाही.

आमच्या होडीत ताडपत्रीखाली काय असायचं, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं, म्हाताऱ्यांचा पसारा. आम्ही आधी बेटाच्या मागच्या बाजूला जायचो, तिथे वाइनो वाट बघत असायचा. बेट त्याचं, आणि ते त्यानं आनंदानं आम्हाला दिलं. रीस्तोनं जाळी वाळवायच्या जागेवरून त्याला हाकललं होतं, आठवतं? त्याचा आणि ताउनोच्या तरीवरच्या जुन्या सोबत्याचा मिळून एक कप्पीदोर होता. ओंडके उतरवायचे, आणि मग पुढे येऊन तुझ्यासमोर कॉफी. तू पडदे लावल्यावर बाबांचा तोच सॉना तिथे पुन्हा रचायलाही सुरुवात केली. लाकडाच्या हातोडीचा आवाज तुला आला नाही, कारण दिवसभर रीस्तोचं गवत कापायचं यंत्र चालू. नगरपालिकेचा माणूस परवानगीसाठी शेजाऱ्यांची हरकत विचारत तुमच्या दारी आला होता, तेव्हा रीस्तो त्याला म्हणाला, "वाइनोच्या खडकावर काय बांधायचं ते बांधू दे." कुणासाठी, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. आम्ही कुणाशी खोटं बोललो नाही. तेवढी उसनवारी आम्ही तुझ्याकडून केली नाही.

काल वाइनोनं पुढची झुडपं तोडली. आता तुझ्या काचेतून बेट आरपार दिसतं. म्हणून हे पत्र, इर्या. उद्या शनिवार आहे. आम्ही पहाटेपासून चूल पेटवणार, आणि चिमणी नसल्यामुळे धूर दारातून निघेल, लहानपणी निघायचा तसा, आणि वारा असेल तर तो वास तुझ्या किनाऱ्यापर्यंत येईल. तेवढे पडदे उघड. तू त्या काचेपायी आईबाबांचा सॉना पाडलास, आता त्या काचेतून तुला दर शनिवारी आईबाबांचा सॉनाच दिसेल, तू जगशील तोवर. नको वाटलं तर पडदे आहेतच, बस अंधारात. ताउनोनं विचारलं, चौकटीवरच्या तुझ्या खुणा खरवडून टाकू का. मी नको म्हटलं. आम्ही खुणा आतल्या बाजूला येतील अशी चौकट वळवून बसवली, बाहेरून त्या कुणाला दिसत नाहीत. त्या बघायच्या तर आत यावं लागतं, आणि दुसऱ्याच्या सॉनात बोलावल्याशिवाय जात नाहीत, एवढं तरी आईनं तुला शिकवलं होतं. बाकावर तिघांची जागा आहे. आम्ही दोघं ऐसपैस बसू.

तुझ्याच बाकावर जन्मलेली, तुझीच,
हिल्का