मधुवेलची रविवारची आमटी

रवि. ५ जानेवारी ९२
मधुवेल, बदलापूर शाखा. राइस प्लेट. भाताचा गोळा, डाळ म्हणजे हळदीचं पाणी, पुऱ्या कालच्या. रिजेक्ट. चौतीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला काढली, असला माल माझ्या टेबलावरून एकदाही पुढं गेला नसता.
वेटर कृष्णप्पा. पन्नाशी उलटलेला माणूस. पाणी मागितलं की "आया काका" म्हणतो आणि गडप होतो.
शैला समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होती. स्वतः नुसता चहा. म्हणाली, "बाबा, घर इथून दहा मिनिटांवर आहे रे."
म्हटलं, पापड बरा आहे. पापडही नरम होता.

रवि. १२ जाने.
भात कच्चा. वर कृष्णप्पा ताक विसरला. रिजेक्ट.
शै.ची सासू अंथरुणाला खिळल्यापासून तिला अंबरनाथला माझ्याकडे यायला जमत नाही. रविवारी जावई घरी थांबतो, तेवढा दीड तास तिचा. म्हणून मीच जातो. आधी तिच्या घरीच जाऊन बसायचो. पण मी पाण्यालाही शिवत नाही म्हणून विहीणबाई पडल्या पडल्या रडायला लागल्या. "व्याही आमच्या घरात कोरडे बसतात." मलाच कसंतरी झालं. तेव्हापासून हे मधुवेल.
आज शै. चिडली. "सात वर्षं झाली लग्नाला. मूल होईस्तोवर मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. आणि नाहीच झालं तर?"
मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये.
"मग तू दर रविवारी हे खाऊन मला काय सांगतोस?"
ताटातला भात संपवला.

बुध. १५ जाने.
पोटात आग. डॉक्टर म्हणाला, बाहेरचं खाणं बंद. घरी खिचडीच करतो, आठवड्यातून एकदाच बाहेर, म्हटलं. "एकदाच, पण कुठं?" मधुवेल म्हटल्यावर हसला.

रवि. २६ जाने.
मधुवेलच्या तिन्ही शाखा तीन तऱ्हेच्या. उल्हासनगरला शेठ स्वतः गल्ल्यावर, म्हणून टेबल पुसलेलं असतं. पण सिंधी फॅमिली आली की आपली ऑर्डर मागं. अंबरनाथची बरी. बदलापूरची म्हणजे सासुरवास.
शै.ला पोटाचं सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं. माझ्या मनगटाला चिमटा काढून म्हणाली, "हाडं लागतात."

रवि. ९ फेब्रु.
आश्चर्य. राइस प्लेटबरोबर वाटीभर आमटी. घट्ट, भाजलेल्या खोबऱ्याची. गरम. कृष्णप्पानं न मागता आणली. "काका, आज दाल एकदम फस्ट क्लास है." खोटं नाही. दोन वाट्या घेतल्या.
खोट एकच. लसणाची साल दाताखाली आली. आचाऱ्याला लसूण सोलायचा कंटाळा दिसतो. तरी पास.
शै. खुशीत होती. साडीबद्दल, सासूबद्दल, गच्चीवरच्या तुळशीबद्दल, बोलतच सुटली.

रवि. १६ फेब्रु.
परत तीच आमटी. बरोबर वालाची भाजी. मधुवेलला कुणीतरी नवा आचारी मिळालाय. पास. घरी येऊन पोट शांत.

रवि. २३ फेब्रु.
कृष्णप्पा नाही, गावाला गेलाय. दुसऱ्या वेटरनं जुनंच हळदीचं पाणी आणून आपटलं. शै. ताडकन उठून आतच गेली. आतून तिचा आवाज. "माझ्या बाबांची आमटी कुठाय? सकाळी दिलीय मी, म्हणजे... सांगितलीय मी!" बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. एवढ्याशा डाळीपायी? म्हटलं, अगं, खातो ना मी. खाल्लं. रिजेक्ट.

रवि. १ मार्च
कृष्णप्पा आला. आमटी आली. साल पण आली. पास.

बुध. ४ मार्च
आठवड्याच्या मध्येच त्या आमटीची आठवण झाली. अंबरनाथच्या मधुवेलमध्ये गेलो. मालक एक, नाव एक, तर आमटी पण मिळेल. मॅनेजर म्हणाला, "आमटी? सांबार है, दाल फ्राय है. आमटी अपने तीनों ब्रांच में कभी नहीं थी."
बदलापूरला रविवारी असते, म्हटलं.
"काका, आप कोई और होटल में गये होंगे."

गुरु. ५ मार्च
बदलापूरला गेलो. शै.ला न कळवता. कृष्णप्पाला म्हटलं, आमटी आण. त्यानं इकडं तिकडं बघितलं. "आज गुरुवार, काका."
म्हटलं, मग?
खांद्यावरचा फडका हातात घेऊन उभा राहिला. "दीदी संडे को सुबह डब्बा रख के जाती है. मैं गरम करके अपनी कटोरी में डालता हूँ. काका, दीदी को मत बोलना. वो बोली है, बाबा को पता चला तो खाना छोड़ देंगे."
उठलोच. चहा पण प्यालो नाही.

शुक्र. ६ मार्च
फसवलं मला. सख्ख्या पोरीनं. महिनाभर तिच्या घरचं अन्न खातोय मी, आणि वर पास देतोय.
आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या, ही रीत मोडली तर मुलीची ओटी भरत नाही. शै.च्या आईनं, यमुनानं, किती पाळली ती. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. तेव्हाच ती आजारी होती, शै.कडे तीन तास बसली, घशाला कोरड, ओठ सुकलेले. शै. पेला धरून उभी. नाही घेतलं. स्टेशनच्या नळावर ओंजळीनं प्याली. मला म्हणाली, "नातू झाला की तिच्या हातचं पोटभर जेवीन." पुढच्या महिन्यात गेली.
आणि मी जिभेपायी सगळं बुडवून बसलो. पोरीचं काही वाईट झालं तर?
रविवारी स्पष्ट सांगणार. हे बंद.

शनि. ७ मार्च
आज खिचडीला फोडणी देताना लसूण सोलत होतो. हातच थांबला. यमुना लसूण कधी सोलायची नाही. सालासकट ठेचायची. तीस वर्षं मी बोललो तिला, साल दाताखाली येते. ती म्हणायची, "चव सालीत असते, तुम्हाला काय कळतंय, लोखंड तपासा तुम्ही."
ती आमटी यमुनाचीच की! आणि मी आचाऱ्याची चूक काढत होतो. गाढव आहे मी.

रवि. ८ मार्च
बोललो नाही. वाटी पुढं आली. शै. माझ्या हाताकडे बघत होती. पहिला घास घेईपर्यंत तिनं श्वास रोखलेला. खाल्ली. साल आली, ती पण चावून खाल्ली.
देवा, काय असेल ते माझ्यावर. तिच्यावर नको.

रवि. २२ मार्च
वालाचं बिरडं. कृष्णप्पा ऐटीत, "आज का पेशल." मी म्हटलं, आचाऱ्याला सांगा छान झालंय. शै. पदरात हसली. मला कळलंय, हे तिला माहीत नाही. राहू दे असंच.
विहीणबाईंना बरं आहे. उठून बसतात म्हणे.

रवि. ५ एप्रिल
कृष्णप्पानं वाईट बातमी दिली. मालकाचे भाऊ वेगळे झाले. बदलापूरची शाखा विकली, तिथं कपड्याचं दुकान होणार. १९ तारीख शेवटची. त्याला उल्हासनगरला घेतायत, म्हणजे पोटाची काळजी नाही. पण डोळ्यांत पाणी होतं. शै. यायच्या आत हळूच म्हणाला, "दीदी का क्या होगा, काका?"
शै.चा चेहरा उतरला होता. आमटी तिनं नेहमीपेक्षा जास्त आणली होती. मी तिन्ही वाट्या संपवल्या.

रवि. १९ एप्रिल
मधुवेलचा शेवटचा दिवस. अर्ध्या खुर्च्या आधीच बाहेर टेम्पोत. फक्त आमचं टेबल मांडलेलं. भात परत गोळा, पुऱ्या परत कालच्या, शेवटच्या दिवशी पण सुधारले नाहीत. आमटी तेवढी अस्सल.
साल दाताखाली आली. मी मोठ्यानं म्हटलं, "कृष्णप्पा, तुझ्या आचाऱ्याला सांग, लसूण सोलत जा."
शै.नं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आचारी नाही सोलणार. त्याच्या आईनं कधी सोलला नाही."
हसलो दोघं. मग ती रडायला लागली. कृष्णप्पा पाणी घेऊन धावला, पहिल्यांदाच न मागता.
"कधीपासून कळलं तुला?"
म्हटलं, मार्चपासून.
"आणि तरी खाल्लंस?"
मान हलवली. तिनं टेबलावर माझा हात धरून ठेवला, बिल येईपर्यंत सोडला नाही. निघताना म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी कुठं?"
बघू म्हटलं. 

शुक्र. २४ एप्रिल
विचार करतोय. हॉटेलचं ताट होतं तोवर हॉटेलचं जेवण, असं मनाला समजावलं. आता ताट माझं नेलं तर जेवण माझं म्हणता येईल का? रीतीत बसतं का हे? कुणाला विचारावं म्हणून गावाकडची एकेक दारं आठवून बघितली. विचारण्याजोगं म्हातारं माणूस आता मीच उरलोय.
यमुनाला विचारायला हवं होतं. ती म्हणाली असती, लोखंड तपासा.

रवि. २६ एप्रिल, सकाळी
लवकर आंघोळ. धुतलेला सदरा. शिवमंदिरात जाऊन आलो. देव काही बोलला नाही.
माळ्यावरून स्टीलची ताटं काढली. कंपनीच्या सोसायटीतून दोन घेतली होती, दुकानदारानं दोघांची नावं कोरून दिलेली. माझं घासलं. पिशवीत ठेवलं. मग दुसरं पण घासलं. सौ. यमुना. अक्षरांत राख अडकते, काडीनं काढली. ते पण पिशवीत. तिचं जेवण राहिलंय तिथं.
गाडीला वेळ आहे. शै.ला कळवलेलं नाही, पण आमटी तिनं केली असेल.
पाण्याचा तांब्या भरून दाराशी ठेवलाय. तीनदा उचलला, तीनदा खाली ठेवला. तो न्यायचा की तिच्या हातचं पाणी प्यायचं, तेवढं अजून ठरत नाही.