सोडलेला विडा

चाकूर,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणीस,
तुझ्या अप्पाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. इकडे तूर शेंगांनी वाकली आहे. रविवारी तू बाळंतपणाला येणार, म्हणून तुझी आई गल्लीभर सांगत फिरते. डिंक, खारीक आणून ठेवलंय. माझ्याच खोलीत तुझी बाज टाकली आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन लावला की तुझी आई कान लावून शेजारीच बसते.

लहानपणी तू ओसरीवर उभी राहून शाळेतली कविता म्हणायचीस, अडलीस की मी पुढची ओळ द्यायचो. किती गोड दिवस गं! परवा एकटाच म्हणत बसलो, तर कडवं संपायच्या आधी दमच संपला. थंडीचा खोकला, दुसरं काय.

नाही. खरं लिहितो.

दिवाळीपासून बेडका पडतोय. आधी पांढरा होता, मग पिवळा, घट्ट झाला. पुढे त्यात लाल रेघ दिसली. तेव्हा मी कधीचा सोडलेला विडा पुन्हा धरला. लाल थुंकलं तरी कुणाला शंका नको! तुझी आई खूश. "म्हातारपणी लईच रंगेल झालात की!" म्हणत स्वतः कात-चुना लावून विडा हातात देते.

परवा घरातली पानं संपली होती. मोरीत थुंकलो, ती मागेच उभी.

"आज तर विडा खाल्ला न्हाई. मग हे लाल कशाचं?"

"दाढ दुखती, तिथलं रक्त हाय," म्हणालो, आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. बेडका तपासणारा धम्मदीप मी दिलेली डबी बघून म्हणाला, "काका, ही नुसती लाळ हाय. छातीतून काढा की!" काल सकाळी चूळ भरून, खोलातून खोकून दिला.

आज निकाल आला. क्षय आहे. गोळ्या सुरू झाल्या, बरा होतो म्हणतात. आता जेवायच्या आधी तुझ्या आईला सांगणार. तिचीही तपासणी करायची आहे. दिवाळीत तूही इथं होतीस. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांग, माझ्यासारखं लपवू नकोस.

पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत मला कळते, बाळा. तुझी आई तपासणीत नीट निघाली की तिला नांदेडला तुझ्याकडे धाडतो. शेजारचा रामलिंग उद्या तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तू दारात आलीस, तर तुला परत फिरवायचं बळ माझ्यात नाही.

येऊ नकोस म्हणणारा,
तुझाच
अप्पा