कॉम्प्युटरमधला धवला

बोनकोडे,
रविवार, दुपार

प्रिय रुतिका,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी. बोनकोड्याहून द्रोणागिरीला पत्र पाठवणारा मी बहुधा एकटाच असेन. तासाभराचा तर रस्ता! पण तू नंबर बदललास आणि मी सहा वर्षांत एकदाही गाडी काढून तुझ्याकडे आलो नाही. हे कबूल केलं की बाकीचं लिहायला मोकळा होईन.

आपला जुना कॉम्प्युटर अजून आहे, तुझ्या बारावीच्या वेळी घेतलेला तोच. दुकानातला सौरभ म्हणाला, हा बसायच्या आत रिकव्हरी डिस्क काढून ठेव, म्हणजे पुन्हा नव्यासारखा करता येईल. मला वाटलं, आत जे जे आहे ते सगळं त्या डिस्कवर जाणार. मग काय, महिनाभर दर रविवारी जेवण झालं की मी त्याच्यासमोर ठाण मांडून. पहिल्यांदा सीडी घातली, तर त्याला डीव्हीडी हवी होती. दुसऱ्यांदा स्वस्तातली डीव्हीडी एकतीस टक्क्यांवर अडकली ती अडकलीच. तिसऱ्यांदा चांगली आणली, लिहायचा वेग कमी ठेवला, तर अर्ध्यात माझा डोळा लागला आणि माझ्यापाठोपाठ कॉम्प्युटरही झोपी गेला. उठून बघतो तर डिस्क फुकट. तू इथे असतीस तर आठवडाभर मला सोडलं नसतंस.

पण खरं सांगू, ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसायला मला आवडू लागलं होतं. पंखा फिरत असतो, कुणाच्या तरी गच्चीवरून सुकटीचा वास येतो, टक्के वाढत जातात आणि मी कुठच्या कुठे जाऊन येतो. बाबा पुढे आहेत, खाडीच्या बांधावरून आपण दोघं त्यांच्या मागे चाललोय, मिठागरं उन्हात पांढरी दिसतायत. आता तिथे इमारती आहेत, पण डोळे मिटले की पाणी परत येतं. तू माझ्या पुढे असतेस. मी हाक मारणार एवढ्यात डिस्क बाहेर येते आणि मी परत खुर्चीत असतो.

चौथ्या रविवारी कॉम्प्युटर म्हणाला, जागा अपुरी आहे. सौरभला फोन लावला. तो म्हणाला, "प्रितेशभाऊ, जागा कर ना मग. आणि तुझ्या फाइली काढून घेतल्यास की नाय? त्या डिस्कमध्ये नसतात. ती लावली की कॉम्प्युटर कोरा, कंपनीतून आला तसा."  आईची लग्नातली गाणी, तिचे सगळे धवले, त्यातच तर होते! तूच तिला शिकवलं होतंस, लाल बटण दाबायचं आणि गायचं. गावात हळदीपासून पाठवणीपर्यंत आईच्या धवल्यांशिवाय पान हलायचं नाही, ते तुला मी काय सांगू? यंदा मात्र तिने दोन लग्नं परत पाठवली. "दम पुरत नाय आता," एवढंच म्हणाली. आणि मी ते धवले माझ्या हाताने पुसायला निघालो होतो.

मग एकेक फाइल उघडून ऐकत बसलो. आईला टाइप करता येत नाही, त्यामुळे नावाच्या जागी नुसते आकडे. एका फाइलची तारीख बघून मी थांबलो. सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीतला तो सोमवार, तुझ्या रजिस्टर लग्नाचा. साक्षीदार म्हणून सही करायला तू मला बोलावलं होतंस आणि मी आलो नव्हतो. त्या दिवशी आई डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी ओट्यावर तुझ्यावर चरफडत बसलो होतो. वाटत होतं, ती आत रडतेय.

ती रडत नव्हती गं, ती गात होती. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खालच्या आवाजात. मांडवाचा धवला, हळदीचा, तेलवणाचा, सगळं ओळीने. धवल्यात नवरा-नवरीची नावं घ्यावीच लागतात. ज्या माणसाचं नाव तिने या घरात कुणाला काढू दिलं नाही, ते ती त्यात कितीदा तरी घेते. रुतिका नवरी, वरद नवरा. मी ऐकत राहिलो आणि मला रडू आवरेना.

डिस्क काल एकदाच्या तयार झाल्या, तीन लागल्या. फाइली सगळ्या वेगळ्या काढल्यात आणि ती एक सोबतच्या पेनड्राइव्हवर तुझ्यासाठी घातली आहे. पण नुसती ती पाठवायची म्हणून हे पत्र नाही. मी ऐकत असताना आई मागे दारात येऊन उभी होती. मला वाटलं आता ओरडेल. ती शेवटपर्यंत उभी राहिली. आवाज थांबला तेव्हा मी विचारलं, पाठवणीचा धवला यात का नाही? म्हणाली, "तो कसा गानार? पोर समोर नको का? तिला सांग, माजा दम हाय तवर ये. जावयाला घेऊन ये." म्हणजे रुतिका, आईच्या लेखी तुझी पाठवणी अजून झालेलीच नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुमच्या इमारतीखाली येतो. दोघं तयार राहा.

तुझाच दादा,
प्रितेश