एकविसावी रेघ

माय, आज तुह्या त्या पुस्तकाची चिकटलेली दोन पानं सुटली. सहा वर्षं मी त्याइले हात लावला नव्हता. मावशीच्या धाकटीनं पेटीतून पुस्तक काढलं अन् मधातच अडली. म्हणे, "ताई, हे पान उघडतच नाही." मी तिच्या हातातून घेतलं. पानावर अजून पिवळा डाग हाय. त्या दिवशी तू चुलीवर वरण घोटत होती, मी बाजूले बसून वाचत होती, अन् उकळतं वरण उडून पुस्तकावर पडलं. तुनं पदरानं पुसलं, पण पानं वाळून एकमेकाइले चिकटली ते चिकटलीच. आज मी शिजत्या भाताच्या गंजावर पुस्तक धरलं, वाफेनं पानं ओली केली, अन् सुईनं हळूहळू सोडवली. शिवणकामाची सुई हाय, हात बसला हाय आता. अर्धं अक्षर गेलं, पण वाचता येते.

ते पुस्तक शाळेतल्या बाईनं दिलं होतं, तुले आठवत असन. परिपाठाले मले उभं केलं का मी शब्दाशब्दाले अडखळे. सगळे पोट्टे हासत. बाईनं एक दिवस थांबवलं अन् म्हटलं, "घरी मायले वाचून दाखव. तिच्यापुढं तर लाजत नाहीस ना?" खऱ्या माणसाइच्या खऱ्या गोष्टी होत्या त्याच्यात. तुले वाचता येत नव्हतं. तू दिवसभर शाळेत खिचडी करे, अन् सांजच्याले सुपात उद्याचे तांदूळ घेऊन बसे. "वाच वं," म्हणे. मी वाचे, तू खडे काढे. गोष्ट संपली का तू म्हणे, "असंही असते बाप्पा माणूस." एवढंच नाही, तू दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीतरी करून पाहे. एका म्हाताऱ्यानं रस्त्यावर माठ ठेवल्याची गोष्ट वाचली, तं तुनं आपल्या दारापुढं माठ ठेवला. पुस्तकात हाय म्हणजे होते, असं तुहं होतं. मले तवा हे कळत नव्हतं का तू इतकं खरं धरून राह्यली.

वरण सांडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शाळेत व्हरांड्यात पंगत बसे. आपल्या आळीतले पोट्टे ताट घेऊन रांगेत, अन् वरच्या आळीतले सात-आठ जण हापशीजवळ आपला डबा घेऊन. त्याइच्या घरून सांगून ठेवलं होतं. कोणी कारण बोलत नव्हतं, अन् सगळ्याइले माहीत होतं. त्या दिवशी खिचडी उरली. तू ती डब्यात भरून घरी आणली. नुसते तांदूळ निवडत बसली. मंग म्हणे, "वाच." मी पान उघडलं. "एका गावात एक बाई होती. तिच्या दारात कोणी यायचं नाही." एवढंच वाचता आलं. पुढचं चिकटलेलं होतं.

"मंग?" तू इचारलं. "पुढं काय झालं?"

पान चिकटलं हे सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, बरं, उद्या दुसरी वाच. पण तुहं तोंड पाहून मले ते सांगवलं नाही. मी पुस्तकात डोळे घालून बोलत गेली. म्हटलं, ती बाई शाळेत खिचडी करे. काही पोट्टे तिच्या हातचं खात नव्हते. मंग ती रोज आपलं ताट घेऊन त्याइच्या समोर जाऊन बसे. कोणाले काही म्हणे नाही, रागावे नाही, फक्त जेवे. अन् एकविसाव्या दिवशी एक पोरगी उठून तिच्याजवळ आली अन् खाल्लं. एकवीस कुठून आलं मले माहीत नाही. तोंडात आलं.

तुनं सूप खाली ठेवलं. "खरं?"

"पुस्तकात लिहेल हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू ताट घेऊन हापशीजवळ जाऊन बसली. मी पंगतीतून पाहून राह्यली होती. तुह्यासंगं काम करणारी काकू सगळ्याइच्या देखत म्हणे, "काय वं, नवरीवाणी बसली पंगतीत? अक्षता आणू का?" तू म्हणे, "आण, पण खडे निवडून आण." हेडगुरुजी आले. "बाई, तुम्ही आत जेवत जा ना. उगाच कायले?" तू म्हणे, "जेवूनच तं राह्यली गुरुजी." अन् सांजच्याले घरी आल्यावर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारली. रोज एक. शाळेले सुट्टी असली का रेघ नाही. तुह्या रेघा वाढत गेल्या. आठ झाल्या, बारा झाल्या, सतरा झाल्या. हापशीजवळचे पोट्टे तुह्याकडं पाठ करून बसू लागले. मी रोज ठरवे का आज सांगते, अन् रोज गोष्ट वाचून झोपे.

विसाव्या रेघेले तू म्हणे, "उद्या." तुनं मोरपंखी लुगडं धुतलं. माह्या केसाइले तेल लावलं अन् दारव्ह्याच्या बाजारातून आणलेल्या त्या गुलाबी क्लिपा लावल्या. मले वाटे का उद्या शाळेले सुट्टीच पडावी.

अन् एकविसाव्या दिवशी ते झालं. माह्या वर्गातली ती वरच्या आळीतली पोरगी, दोन वेण्यावाली, डबा बंद करून उठली, पंगतीतलं एक ताट घेऊन तुह्याजवळ येऊन बसली अन् ते पुढं केलं. तू वाढताना खिचडी जराशी बाहेर सांडली. तिनं एक घास खाल्ला, चावला, अन् म्हणे, "मीठ कमी हाय."

तू इतकी हासली, माय. मी तुले तसं हासताना आधी पाह्यलं नव्हतं. "उद्या बरोबर टाकते वं बाई," म्हणे.

अन् दुसऱ्या दिवशी ती मीठ पाहाले परत आली. सोबत लहान्या भावाले घेऊन. खाऊन म्हणे, "आज बरोबर हाय." मंग आणखी दोघं आले. सगळे आले नाही, शेवटपर्यंत आले नाही, पण हापशीजवळ तिघंच उरले होते. तू ज्याले त्याले सांगे, "पुस्तक खोटं बोलत नाही." कावीळ झाली तवाही दवाखान्यातल्या बाजूच्या बाईले तू तीच गोष्ट सांगत होती. मी तिथंच, तुह्या पायाशी बसली होती.

तू गेल्यावर मावशीनं मले इकडं दारव्ह्याले आणलं. आठवीनंतर मी शाळेत गेली नाही. वर्गात उभं राहून वाचा लागे, अन् मले ऐकणारी तू नव्हती. आता ब्लाउज शिवते. मशीनवर कोणी बोलाले लावत नाही, बरं वाटते.

खरी गोष्ट आज वाचली. खिचडीची नाही ते. त्या बाईचा नवरा वारला होता अन् तिनं पिठाची गिरणी टाकली होती. तिच्याकडं दळाले कोणी येत नव्हतं. ती रोज गिरणी झाडे, पट्टा पुसे, दार उघडून बसे. अन् कितव्या दिवशी आले म्हणशीन? दोन वर्षं लागले, माय. दोन वर्षं. तितकं मी तवा वाचलं असतं तं तू भिंतीवर किती रेघा मारल्या असत्या, तेच मोजत बसली होती मी मघा. तू मारल्या असत्या. भिंत पुरली नसती, पण तू मारल्या असत्या.

धाकटीले मी दोन्ही गोष्टी सांगतल्या. तिनं इचारलं, "यातली खरी कोणती?" मी म्हटलं, भात पाह्य, करपून राह्यला.

तुनं मले जन्मात एकदाच मारलं. त्याच सांजच्याले, एकविसावी रेघ मारल्यावर. माहे केस मोकळे पाहून तू इचारलं, "क्लिपा कुठी गेल्या?" मी म्हटलं, हरपल्या. तुनं गालावर एक ठेवून दिली. "सारा बाजार पालथा घातला होता त्याच्यासाठी!" अन् मंग माह्या ताटात भातावर जास्तीचं तेल सोडलं.

त्या हरपल्या नव्हत्या, माय. त्या दिवशी शाळा भराच्या आधी मी हापशीवर त्या दोन वेण्यावालीजवळ गेली होती. तिच्याशी मी पहिल्यांदा बोलली. म्हटलं, "आज खिचडी खाय."

"काहून?"

"आज एकविसावा दिवस हाय."

"मंग?"

ती माह्या केसाइकडं पाहून राह्यली होती. मी दोन्ही काढून तिच्या हातावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिले काही दिलं नव्हतं. तुही आण. ती आपली आपण आली होती.

हा कागद मी आता त्याच दोन पानाइच्या मधात ठेवून राह्यली. तुले तं वाचता येत नव्हतं, मलेच वाचून दाखवा लागलं असतं. अन् वाचून दाखवलं असतं तं क्लिपाइवर आल्यावर मी पान चिकटलं म्हणून सांगतलं असतं.