दाराखालचं काँक्रीट

कनेरगाव नाका,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवकन्या हिला आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवला. डिंकाचे लाडू झाले. तुझ्या बाबांनी चव बघता बघता निम्मे संपवले. पाय सुजत असतील तर उशीवर ठेवत जा.

फोनवर नीट बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा माझ्या हातातून घेतात आणि गाडीचंच सांगत बसतात. म्हणून तुमच्या कळमनुरीच्या बाजाराला निघालेल्या सोजराबाईकडे ही चिठ्ठी देते आहे.

गाडी दिसायला छान झाली आहे. पांढरा रंग, नव्या गाद्या. सिद्धेश्वरच्या मासेवाल्याकडून घेतलेली ती जुनी अँबेसेडर. माशांवरच्या बर्फाचं पाणी झिरपून तळ सडला होता. ट्रकासारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, तिला नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं पेलतो. वेल्डर म्हणाला, सडकं कापून नवा पत्रा जोडू. पण तुझे बाबा पडले गवंडी! "आगं, तीन-तीन मजले उभे केलेत म्या, हिला काय होतंय?" असं म्हणत त्यांनी दाराखालच्या पोकळीत सळया घातल्या आणि काँक्रीट ओतलं. वर ओली पोती टाकून आठवडाभर पाणीही मारलं. मी पोटभर हसले.

परवा आम्ही दोघं तिच्यातून फिरायला गेलो. गतिरोधकावर खालून कडकन आवाज आला आणि गाडी मधोमध खचली. दारं उघडेनात. मी काच खाली करून ओरडले, तेव्हा ढाब्यावरच्या माणसांनी आम्हाला खिडकीतून ओढून काढलं.

बाबा म्हणाले, "नवं काम हाय, जागेवर बसतंय अजून. पोरीला न्हाई सांगायचं." मी मान डोलावली. खाली वाकून पाहिलं तर काँक्रीटला बोटभर चीर, आणि पत्रा पापडासारखा हातात आला. त्यांनी चिरेत पुन्हा सिमेंट भरलंय. दार आता खांदा लावल्याशिवाय उघडत नाही.

पोरी, मला फार भीती वाटते. तुझं पोट डोळ्यांसमोर येतं आणि ती न उघडणारी दारं.

लेकीला बाळंतपणाला स्वतःच्या गाडीतून आणणार, असं त्यांनी सगळ्या नाक्याला सांगून ठेवलंय. शुक्रवारी दारात येतील. चहा दे, गाडीचं कौतुक कर, पण तिच्यात बसू नकोस. सासूबाईंना पुढे कर, काय हवं ते खोटं बोल. दुसऱ्या गाडीनं ये, नाहीतर तिकडेच बाळंत हो.

ते माझं ऐकत नाहीत, आणि त्यांना एकट्याला सोडायची माझी छाती होत नाही. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून येते आहे.

दुपारपर्यंत पोचलो नाही तर जावयांना रस्त्यानं पाठव. तू घरातच थांब.

तुझीच,
आई