डाव्या हाताची पिंपळपानं

९ फेब्रु., अंबड

बावीसपैकी पंधरा झाली. सोळाव्याचं टोक दोनदा उसवलं. पिंपळाच्या पानाचं टोकच बेकार. साखळी जास्त झाली की उंदराची शेपटी, कमी झाली की विड्याचं पान. ताईच्या रुखवतासाठी तोरण. बावीस प्रतिज्ञा म्हणून बावीस पानं, आयडिया माझीच.

दुपारी कडी लावून बसल्तो. दोस्त गोट्यानं खिडकीतून आवाज दिला. लोकर, क्रोशाची सुई, सगळं बुडाखाली. सुई बराबर मांडीत घुसली.
"काय करून राह्यला रे?"
"काय न्हाई. झोपल्तो."
"कडी लावून?" आणि दात काढत गेला. काय समजायचं ते समजला. समजू दे. ते परवडलं, लोकर नको.

ताई संध्याकाळी शाळेतून आली तिला सांगितलं, तर हसून हसून खाली बसली. म्हणे रुखवताच्या चिठ्ठीवर लिहू का, 'नवरीचा भाऊ सिद्धार्थ याच्या हातचे'? शपथ घातली तिला. नाव तुझंच टाकायचं.
"मला साधी साखळी सरळ येत न्हाई रे. तू पायाचं प्लास्टर उकरायचास म्हणून सुई दिली तुझ्या हातात. माझं शिकवणं तेवढंच."
म्हटलं रुखवत काय, तासाभराचं. कोण बघतंय.

१३ फेब्रु.

हिरवी लोकर संपली म्हणून परवा जालन्याला निघाल्तो. स्टँडबाहेर ओळखीचा ट्रकवाला भेटला, शहागडला चालल्ता. गोदावरीला पाणी किती ते बघून येऊ म्हटलं. बघितलं. मंग त्याचा टायर बदलू लागलो. मंग बीड. आज तिसऱ्या दिवशी घरी. लोकर न्हाई.

आई भाकरी थापत होती. वर न बघता,
"होतं का पाणी?"
"होतं."
"बरं झालं. तू गेला नसतास तर आटलं असतं."

आयटीआय असंच सुटलं. सुरतचं काम असंच सुटलं. पाय मोडला तेवढे दोन महिने काय ते एका जागी. आणि तेवढ्यातच एक गोष्ट शिकलो, तीही कुणाला सांगता येत न्हाई अशी.

१५ फेब्रु.

ताईच जाऊन लोकर घेऊन आली. शेड जुळंना. शेवटची चार पानं पोपटी होणार. ताई म्हणे कोवळी म्हणून सांगू.

२ मार्च

लग्न झालं. लिहायला हात उठत न्हाई, पण एक लिहून ठेवतो.

रुखवताच्या टेबलावर तोरण मधोमध. वाटूरच्या, ताईच्या सासरच्या बाया वाकून वाकून बघत होत्या. ताईच्या सासूनं (मी मावशी म्हणतो) ते उचललं, उलटं केलं, मागची बाजू बघितली. समोरची सगळेच बघतात. ह्यांनी गाठी कुठं लपवल्या ते बघितलं. मंग माईकवर कुणीतरी, नवरीने स्वतःच्या हाताने वगैरे. टाळ्या. मी पाण्याचा जग घेऊन उभा. कान गरम.

गोट्या जेवताना, "बहीण भारी आहे तुझी. तू काय केलं रे लग्नात?"
"खुर्च्या मांडल्या."
खुर्च्यासुद्धा मंडपवाल्यानं मांडल्या होत्या.

१९ मार्च

ताईचा फोन. तोरण वाटूरच्या दाराला लावलंय. मावशी येईल त्याला दाखवतात, सुनेचा हात बघा म्हणून. ताई शिकवेल असं महिला मंडळातल्या बायांना कबूल करून बसल्या. लोकरीचे गुंडे पण आणून ठेवले. ताई सांगते मनगट दुखतं.
"किती दिवस दुखवू? सिद्धू, मी खरं सांगून टाकते."
म्हटलं थांब. दोन-तीन रुमाल करून पाठवतो, तू दाखव. गोट्याची मामी त्याच मंडळात आहे. तिला कळलं की गोट्याला कळलं, गोट्याला कळलं की अंबडला.
ताई म्हणाली, जल्दी कर.

२८ मार्च

रुमाल अर्धा. मधेच काचेच्या बाटल्या रंगवायचं डोक्यात आलं. सात बाटल्या रंगवल्या, बऱ्या झाल्या. एकीवर मोर. आईनं विचारलं ह्याचं काय करायचं. माहीत न्हाई.

ताईचे दोन मिस्ड कॉल. उद्या लावतो.

६ एप्रिल

आई आणि मी वाटूरला गेल्तो, ताईला चार दिवस माहेरी आणायला.

चहा आला. मावशी आत गेल्या, बाहेर आल्या तर हातात तोरण. दारावरचं काढून आणलेलं. दुसऱ्या हातात ताईनं परवा त्यांच्याशेजारी बसून विणलेली एक पट्टी, वाकडीतिकडी. आवाज चढवला न्हाई बिलकुल.

"विहीणबाई, हे बघा. हिच्या पट्टीतले उभे टाके इकडं झुकतात. तोरणातले सगळे तिकडं. माझी थोरली बहीण डावखुरी होती, तिचं काम असंच पडायचं. हे डाव्या हाताचं काम आहे. आणि तुमची प्रज्ञा उजव्या हाताची."

ताई माझ्याकडं बघत न्हवती, मुद्दाम बघत न्हवती. मी तोंड उघडायचं होतं. वाक्य तयार होतं, मावशी ते मी केलंय, एवढंच. चार शब्द.

आणि मी चहाचा कप डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

ताई म्हणाली, "विकत आणलं. जालन्याहून."

मावशींनी तोरण घडी घालून मांडीवर ठेवलं. "विकतचं म्हणून सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? अर्ध्या गावाला दाखवलं मी, सुनेच्या हातचं म्हणून. बावीस पानं मोजून लावलीस दाराला. त्यातली एकच प्रतिज्ञा आठवायची होती ना. खोटं बोलणार न्हाई."

ताई माहेरी आली न्हाई. म्हणाली नंतर बघू. तोरण पिशवीत घालून आईच्या हातात दिलं.

७ एप्रिल

आईनं सकाळी चहा दिला, कप माझ्या डाव्या बाजूला ठेवला. म्हणजे बघितलं तिनं.

दुपारी एकदाच बोलली, भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून. "तू लोकर विणतोस त्याची मला कधी लाज वाटली न्हाई, सिद्धू. कालची वाटली."

९ एप्रिल

पळालो. लिहितो तसंच, पळालो. बॅग भरली, सुरतला जायचं ठरवलं. शहागडपर्यंत गेलो. ढाब्यावर तोच ट्रकवाला, म्हणे सुरत न्हाई, पुण्याला चल. पुणे तर पुणे.

गाडी भरायला वेळ होता. बॅगेत हात घातला तर अर्धा रुमाल, सुई त्यातच अडकलेली. काढला. चार माणसांसमोर पहिल्यांदा. पहिले दोन टाके सुटले. ट्रकवाला बिडी ओढत बघत राह्यला.
"हे तुला येतं?"
"येतं."
"माझ्या बायकोला येतं. तिचं जरा बरं असतं."
एवढंच. आभाळ कोसळलं न्हाई. दुसरा म्हणाला स्टिअरिंगला कव्हर करून देशील का.

एवढ्यासाठी ताईला खोटी पाडली. एवढ्यासाठी.

ट्रक गेला. मी अंबडच्या गाडीत बसलो.

१३ एप्रिल, वाटूर

तोरण घेऊन आलो. उद्या जयंती. गल्लीभर निळे झेंडे, पताका, सगळ्यांच्या दाराला काय ना काय. ह्यांच्या दाराला नुसते दोन खिळे.

मावशी विहारात गेल्यात उद्याच्या तयारीला, चारपर्यंत येतील. ताई एकटी. मला वाटल्तं बघून बरं वाटेल तिला.

"कशाला आलास?"
"सांगायला. मावशींना."
"आता? आठ दिवसांनी जरा बोलायला लागल्यात माझ्याशी." पिठाचे हात तसेच. "आधी म्हणाले मी केलं. मंग म्हणाले विकत आणलं. आता तिसरं सांगायचं? तू सांगून मोकळा होशील, तुझं काय, स्टँडवर जाशील. मला हितं राहायचंय, सिद्धू."

सहा तारखेला बोललो असतो तर एकच खोटं असतं, आणि तेही माझ्यासाठी बोललेलं. आता तिच्या नावावर दोन.

म्हटलं, मी जाऊ का?
ती आत गेली. जा म्हणाली न्हाई, थांब म्हणाली न्हाई. थोड्या वेळानं बाहेर येऊन मावशींनी आणलेल्या लोकरीतला एक हिरवा गुंडा माझ्याशेजारी ठेवला आणि परत आत.

३:४०. ओट्यावर बसलोय, रस्त्याकडं तोंड करून. एक पान सुरू केलंय. समोरची म्हातारी चाळिशी लावून बघून गेली. दोन पोरी थांबून गेल्या. मावशींना तोंडानं सांगेन का, माहीत न्हाई. ताईनं न्हाई म्हटलंय. पण फाटकातून आत आल्या की नुसतं बघितलं तरी त्यांना कळेल, त्या मागची बाजू बघणाऱ्या आहेत. मंग त्यांनी विचारलं तर? आणि न्हाईच विचारलं तर?

टोक आलंय. साखळ्या सात घालायच्या का आठ, नेहमी इथंच चुकतं.

फाटक वाजलं. पेन ठेवतो. त्याच हातात सुई घेतो.