चिमणीचा चार्ज

३ जून
आले एकदाची. दारावर 'परिचर्या संचालक' अशी पाटी लागली. आईने फोनवर विचारले, म्हणजे आता कामाला हात लावायचा नाही का? खिडकीतून पुरुष वॉर्ड समोरच दिसतो. इथे चार्ज देण्याची एक जुनी रीत आहे. पाळी संपली की जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी नेते, तिचा हात रुग्णाच्या पायावर ठेवते आणि म्हणते, हा तुझा. तोवर घरी जायचे नाही. वेळेचा नुसता चुराडा.

५ जून
पगार विभागाचे संचालक कुरकुरत आले. या रेंगाळण्याचा जादा भत्ता त्यांच्या डोक्यावर बसतो. मी रीत बंद केली. संगणकात नोंद करा आणि निघा. सिस्टरांची तोंडे एरंडेल प्यायल्यासारखी. सगळ्या जिला चिमणी म्हणतात ती बुटकी, बडबडी सिस्टर म्हणाली, मॅडम, माणूस काय पार्सल आहे, ठेवून निघायला?

९ जून
चिमणी तापाने फणफणलेली. सुटी मागत होती. बदलीला कुणी नव्हते. तापाला गोळी असते, रिकाम्या वॉर्डाला नसते, असे सुनावून मी दुसरी पाळीही तिलाच दिली. दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर टेकली, ती उठलीच नाही.
माझ्या जागी कुणीही हेच केले असते. हे वाक्य दोनदा खोडले, पुन्हा लिहिले.

१२ जून
पगार विभागाचा फोन. चिमणी जाऊन तीन दिवस झाले, तरी हजेरीत ती अजून कामावर दिसते. तिला मुक्त केल्याची सही मी दिली. संध्याकाळी हजेरीत ती पुन्हा कामावर. पगाराच्या संचालकांनी हसत विचारले, तिच्याकडून चार्ज कुणी घेतलाय का? मला हसू आले नाही.

१४ जून
कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा बुटक्या सिस्टरचे कौतुक करत होते. सुई कळतसुद्धा नाही, फक्त हात फार तापलेला असतो म्हणे. त्यांच्या मनगटावर बोटांचे लाल ठसे —

१५ जून
भर दुपारी वॉर्डात ती. पाय ओढते, पण बसत नाही. कशी बसेल, मीच तिला —
थोरल्या सिस्टरला म्हटले, तू चार्ज घे. ती म्हणाली, पाळी तुम्ही लावलीत, तुम्हीच सोडवा.

१६ जून
घेतला. खाटेमागून खाट. माझ्या मनगटावर तिचा हात — निखारा. हा तुझा. हा तुझा. शेवटच्या खाटेशी सुस्कारा, आणि कुणी नाही.
हजेरीतून तिचे नाव गेले. तिच्या जागी माझे आले, ते जात नाही.

१७ जून
अंग भाजते आहे. दारापर्यंत जाते, पाय वॉर्डाकडेच वळतात. येणाऱ्या सिस्टरला विनवले, चार्ज घे. तिने संगणकाकडे बोट दाखवले. नोंद करा आणि निघा, मॅडम, तुमचाच नियम —
अगं, एकदाच खाटेपाशी ये. हात दे इकडे. हा तु—